म्बिरा सॉफ्टवेअरमध्ये लिहायचा असेल तर आधी हात लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही झिम्बाब्वेत, हरारेजवळच्या एका शाळेत संगीत शिकवता. शाळेत पंधरा पट्ट्यांचे न्युंगा-न्युंगा म्बिरा (फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या बोटांनी वाजवायचं वाद्य) आहेत. शिवाय जवळच्या गावातल्या एका वयस्कर वादकांचं मोठ्या म्बिराचं, म्हणजे म्बिरा द्झावाद्झिमुचं वादन तुम्ही रेकॉर्ड करून ठेवलंय. ते म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून काढायचंय, म्हणजे जतनही होईल आणि मुलांना शिकवताही येईल. त्यासाठी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य लिपी घ्यावी, की आपल्या सा-रे-ग-मसारखं काही? आणि सॉफ्टवेअरने हे नीट होतं का?

होतं. बरीच वर्षं मी हेच काम करतोय आणि त्याचा उपयोग होताना पाहिलाय. पण ही सॉफ्टवेअर्स पियानो, व्हायोलिन आणि बँडच्या संगीतासाठी घडली आहेत, त्यामुळे काही गोष्टी ती न विचारता धरून चालतात. सप्तकाचे बारा समान भाग असणार, रचनेला पहिली मात्रा असणार, प्रत्येक स्वराला ठरलेली लांबी असणार आणि उंच स्वर कागदावर वरच लिहिला जाणार. म्बिराला यातलं एकही लागू पडत नाही. म्हणून माझा सल्ला असा की आधी हात लिहा, म्हणजे कोणत्या पल्सवर (सगळ्यात लहान समान ठोक्यावर) कोणती पट्टी आणि कोणत्या बोटाने. स्वर नंतर, वेगळ्या तक्त्यात. हा क्रम उलटा झाला की फाइल दिसायला देखणी होते, पण तिच्यावरून कोणालाही म्बिरा वाजवता येत नाही.

सा-रे-ग-मचा विचार मनात येणं आपल्याकडच्या माणसाला साहजिक आहे. पण भातखंड्यांची लिपी उभी आहे षड्ज आणि सम या दोन गोष्टींवर. म्बिरात तानपुऱ्यासारखा मागे धरलेला आधारस्वर नसतो. एकाच रचनेत एकाला एक स्वर घरचा वाटतो, तर दुसऱ्याला दुसरा. तुम्ही एका पट्टीला सा म्हटलंत की तो निर्णय वादकाचा राहत नाही, तुमचा होतो. समेचंही तसंच. बहुतेक रचनांचं आवर्तन 48 पल्सचं असतं, बारा-बाराचे चार तुकडे. पण वादक त्यात कुठूनही शिरू शकतो आणि ते चुकीचं धरलं जात नाही. म्हणून सा-रे-ग-म नकोच.

न्युंगा-न्युंगासाठी तर नवीन काही शोधायची गरजच नाही. हे वाद्य शाळांमध्ये आलं ते बुलावायोच्या क्वानोंगोमा कॉलेजमधून, 1960 च्या दशकात. मोझांबिकच्या तेते भागातलं वादन जेगे तापेरा यांनी तिथे शिकवलं. मोठा म्बिरा पूर्वजांच्या आवाहनाच्या विधीशी, बिराशी, घट्ट जोडलेला आहे. हे छोटं वाद्य तसं नसल्याने शाळेच्या वर्गात सहज रुळलं. क्वानोंगोमात शिकलेले डुमिसानी मराइरे पुढे अमेरिकेत शिकवू लागले, आणि त्यांची पट्ट्यांना 1 ते 15 आकडे देण्याची पद्धत आजही चालते. तुमच्या मुलांना हे आकडे माहीत असतील तर तेच वापरा. म्यूझस्कोरमध्ये नोट घाला आणि तिच्याखाली गाण्याचे शब्द टाकायच्या सोयीने पट्टीचा आकडा टाका. वाटल्यास नोटा अदृश्य करून मुलांना फक्त आकड्यांचं पान छापून द्या. फाइलमध्ये दोन्ही राहतं.

आता मोठ्या म्बिराकडे. खरं काम इथे आहे.

म्बिरा द्झावाद्झिमुला साधारण 22 ते 28 लोखंडी पट्ट्या असतात. डाव्या हाताकडे दोन ओळी, वरची आणि खालची. त्या दोन्ही डावा अंगठा वाजवतो. उजवीकडे एक ओळ. तिच्या सुरुवातीच्या पट्ट्या उजव्या अंगठ्याने खाली दाबून सोडायच्या आणि पुढच्या तर्जनीने खालून वर उचलायच्या. उजवी करंगळी फळीच्या भोकात अडकवलेली असते, म्हणजे हात स्थिर राहतो. डाव्या बाजूचे सगळ्यात खर्जातले स्वर फळीच्या मध्याजवळ असतात, म्हणजे ‘डावीकडून उजवीकडे चढत जाणारा’ क्रम इथे नाहीच. अशा वाद्याचा स्टाफवर स्वराच्या उंचीप्रमाणे लिहिलेला कागद मुलासमोर ठेवला की त्याला प्रत्येक नोट वाचून आधी स्वर, मग पट्टी, मग बोट असा तीनदा विचार करावा लागतो. वेगात ते अशक्य आहे.

मी करतो ते असं. तीन स्टाफ घ्यायचे आणि एका कंसात बांधायचे: वरचा उजव्या ओळीचा, मधला डाव्या वरच्या ओळीचा, खालचा डाव्या खालच्या ओळीचा. प्रत्येक स्टाफवर रेघ आणि मोकळी जागा म्हणजे एकेक पट्टी, फळीवरच्या क्रमाने. शार्प-फ्लॅट कुठेच नाही. कोणती पट्टी अंगठ्याची आणि कोणती तर्जनीची हे जागेवरूनच कळतं, वेगळी खूण लागत नाही. सगळ्या नोटा क्वेव्हर, म्हणजे एकेक पल्सच्या, कारण पट्टी एकदा सोडली की ती आपापली विरते आणि वादक तिची लांबी ठरवत नाही. मधल्या रिकाम्या जागांचे रेस्ट निवडून ‘व्ही’ हे बटण दाबलं की ते अदृश्य होतात. लयचिन्ह 12/8 ठेवून तेही अदृश्य करायचं आणि प्रत्येक मेझरनंतर सिस्टिम ब्रेक द्यायचा. म्हणजे पानावर चार ओळी येतात, एकेक ओळ बारा पल्सची, आणि आवर्तनाचे चार तुकडे एकाखाली एक दिसतात. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत नेमका कुठे एका पट्टीचा फरक पडलाय हे डोळ्यांना लगेच कळतं, आणि रचना पाठ होते ती याच फरकांवर.

बीमकडे जरूर लक्ष द्या. 12/8 म्हटल्याबरोबर सॉफ्टवेअर तीन-तीन क्वेव्हर एका दांडीने बांधून टाकतं. दिसायला ही क्षुल्लक बाब, पण तिने मुलाला ठोका कुठे पडतो हे सांगून टाकलं. म्बिरात दोन वादक असतात. एक कुशाउरा, म्हणजे पुढाकार घेणारा भाग वाजवतो आणि दुसरा कुत्सिन्हिरा, त्याच्या फटींमध्ये बसणारा भाग. दोघांना ठोका एकाच जागी जाणवेल असं नाही, आणि ऐकणारा तिसऱ्याच जागी पाय आपटतो. ही मोकळीक या संगीताचा जीव आहे. म्हणून सगळ्या नोटा निवडून ‘बीम नको’ हा पर्याय द्या.

काही रचनांमध्ये कुत्सिन्हिरा म्हणजे कुशाउराचाच भाग, फक्त एका पल्सने उशिरा. तिथे सॉफ्टवेअर मदतीला येतं. कुशाउराचे तीन स्टाफ कॉपी करा, खाली आणखी तीन स्टाफ घेऊन सुरुवातीला एक क्वेव्हर रेस्ट टाका आणि पुढे पेस्ट करा. अठ्ठेचाळीसाव्या पल्सवरची नोट टोकाला बाहेर पडेल. ती उचलून पहिल्या पल्सवर आणा, कारण आवर्तन गोल आहे. मग दोन्ही एकत्र वाजवून बघा. दोघांपैकी कोणीही वाजवत नसलेल्या ओळी ऐकू यायला लागतात. तुमच्या मोठ्या वर्गातल्या मुलांना हे एकदा तरी असं ऐकवा.

आता सूर. सुरांमधलं अंतर सेंटमध्ये मोजतात. पाश्चात्त्य अर्धस्वर 100 सेंटचा, पूर्ण स्वर 200 चा. सप्तकात सात अगदी समान पायऱ्या केल्या तर एकेक सुमारे 171 सेंटची होते. मोठ्या म्बिराच्या पायऱ्या या सगळ्यांच्या अधेमधे कुठेतरी असतात आणि प्रत्येक कारागिराच्या, प्रत्येक घराण्याच्या वेगळ्या. न्यामारोपा, गांडांगा, डांबात्सोको अशी सूर लावण्याच्या पद्धतींची नावं आहेत, पण एकाच नावाखालचे दोन म्बिराही तंतोतंत जुळत नाहीत. हा दोष समजून तो ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. म्यूझस्कोरमध्ये प्रत्येक नोटेला सेंटमध्ये सूर वरखाली करायची सोय आहे, पण शेकडो नोटांवर ते करत बसणं वेळखाऊ आहे आणि त्यातून येणारा आवाजही परकाच राहतो.

त्यापेक्षा त्या वादकांच्याच म्बिराचा साउंडफाँट, म्हणजे सॉफ्टवेअरने वाजवायचा आवाजांचा संच, बनवा. शांत खोलीत प्रत्येक पट्टी तीन वेळा, पूर्ण विरेपर्यंत, रेकॉर्ड करा. वेव्ह फाइल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. पॉलिफोन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात एकेका पट्टीचा आवाज एकेका मिडी क्रमांकाला (सॉफ्टवेअर ज्याने स्वर ओळखतं त्या आकड्याला) बांधायचा. क्रमांक असे निवडायचे की स्टाफवर तुम्ही ठरवलेल्या जागेला तीच पट्टी वाजेल. मग ती फाइल म्यूझस्कोरच्या साउंडफाँटच्या फोल्डरमध्ये टाकली की झालं. कागद हाताप्रमाणे लिहिलेला, आवाज त्या एका वाद्याचा, आणि सेंटचा हिशोब करायलाच लागत नाही.

यात एक अडचण आहे. साउंडफाँट नसलेल्या मशीनवर ती फाइल उघडली तर भलतंच काहीतरी वाजेल, कारण नोटांच्या जागा स्वराच्या नाहीत, पट्ट्यांच्या आहेत. म्हणून पहिल्या पानावर तक्ता हवाच: पट्टीचं नाव, तिची फ्रीक्वेन्सी हर्ट्झमध्ये आणि फाइलमधली जागा. फ्रीक्वेन्सी मोबाइलच्या ट्यूनर ॲपवर मोजू नका. लोखंडी पट्टीचे वरचे स्वरांश तारेसारखे सरळ गुणोत्तरात नसतात, ॲप त्यांनाच मूळ स्वर समजून बसतं. सॉनिक व्हिज्युअलायझरमध्ये स्पेक्ट्रम बघून खालची पहिली ठळक रेघ घ्या आणि कानाने पडताळा.

रेकॉर्डिंगमधली भणभण काढून टाकू नका. फळीवर आणि देझेवर, म्हणजे ज्या भोपळ्यात म्बिरा ठेवून वाजवतात त्याच्यावर, बाटल्यांची बुचं किंवा शंखशिंपले बसवलेले असतात. ते मुद्दाम बसवलेले आहेत. नॉइज रिडक्शनचा फिल्टर लावून ‘स्वच्छ’ केलेला म्बिरा मी ऐकलाय. अर्धं संगीत त्यात गेलेलं असतं, आणि जाणत्या वादकाला तो ऐकवायची हिंमत होत नाही.

तुमच्याकडचं रेकॉर्डिंग फक्त आवाजाचं असेल तर अजून एकदा जा आणि व्हिडिओ घ्या. देझेमुळे समोरून हात दिसत नाहीत. कॅमेरा वादकाच्या खांद्यामागून, वरून खाली बघणारा लावा आणि एकेक रचना देझेबाहेर काढलेल्या म्बिरावरही वाजवून घ्या. हळू वाजवायला सांगू नका. मुरलेला हात वेग काढून घेतल्यावर अडखळतो. मूळ लयीत वाजवू द्या; वेग घरी सॉफ्टवेअरमध्ये सूर न बदलता कमी करता येतो. दोन्ही भाग वेगवेगळे मिळतात का बघा, कारण एकत्र रेकॉर्डिंगमधून कोणाची पट्टी कोणती हे शोधणं फार जिकिरीचं आहे.

एकच आवर्तन लिहून ‘ही रचना’ असं म्हणणं मला पटत नाही. वादक एकाच रचनेत उजव्या हाताच्या ओळी बदलत जातो, खर्ज हलवतो, कधी एखादी पट्टी गाळतो. पॉल बर्लिनर आणि वादक कॉस्मस मगाया यांचं 2020 साली दोन खंडांत आलेलं काम बघा. त्यात एकेका रचनेचे कितीतरी पर्याय एकापाठोपाठ लिहिलेत. तेवढं तुम्हाला जमणार नाही, जमायची गरजही नाही. पण प्रत्येक रचनेची किमान तीन-चार आवर्तनं लिहा: एक मुलांच्या सुरुवातीसाठी साधं, बाकीची त्या वादकांची नेहमीची वळणं. म्यूझस्कोरमध्ये ती एकाखाली एक ठेवली की मुलं त्यांतून आपली आपण निवडायला लागतात.

शिकवण्यात सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा उपयोग मला वाटतो तो जोडीदाराचा. कुत्सिन्हिरा एकट्याने शिकता येत नाही. समोर कुशाउरा वाजवणारं कोणीतरी लागतं आणि घरी ते कोणी नसतं. फाइलमध्ये कुत्सिन्हिराचे स्टाफ म्यूट करा, वेग कमी करा, लूप लावा आणि मुलाला सोबत वाजवू द्या. आठवड्यात फरक दिसतो. मात्र होशो, म्हणजे बियांचे खुळखुळे, सॉफ्टवेअरमध्ये लिहून वाजवू नका. होशोचे ठोके कागदावर सारख्या अंतराचे दिसतात, हातात तसे पडत नाहीत, आणि त्या असमान अंतरावरच सगळं नाचतं. होशोचं खरं रेकॉर्डिंग लूप करून त्याच्यावर वाजवायला लावा. गाण्याचं तर लिहून फारसं होतच नाही. कुदेकेतेरा, म्हणजे वादनावर जागच्या जागी जुळवत जाणाऱ्या काव्यओळी, शोनात जशाच्या तशा लिहून घ्या, अर्थ आणि प्रसंगासह. स्वरलेखन करू नका.

म्बिराबाहेर एक उदाहरण देतो, कारण तुमच्या शाळेत मरिंबाही (काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य) असेल. युगांडातल्या बुगांडा राज्याचा आमादिंडा हा बारा लाकडी पट्ट्यांचा, तीन वादक एकाच वाद्यावर वाजवतात. दोघे समोरासमोर बसून एकमेकांच्या ठोक्यांच्या मध्ये आपले ठोके टाकतात. तिसरा वरच्या दोनच पट्ट्या वाजवतो आणि त्याचं काम नियमाने ठरलेलं आहे: पहिल्या दोघांच्या मिश्रणात सगळ्यात खालच्या दोन पट्ट्यांचे स्वर जिथे जिथे येतात, तिथे तिथे तेच दोन सप्तकं वर वाजवायचे. पहिले दोन भाग लिहून त्यांचं मिश्रण तिसऱ्या स्टाफवर आणलंत, त्या दोन पट्ट्यांच्या नोटांना रंग दिलात, की तिसऱ्या वादकाचा भाग समोर येतो. हे मुलांकडून करवून घ्या, त्यांना खूप आवडतं. इथेही आकडेच बरे, 1 ते 5. सप्तकाच्या जवळजवळ समान पाच पायऱ्या, एकेक साधारण 240 सेंटची. स्टाफवर लिहिलं की पाश्चात्त्य पेंटॅटॉनिकची, म्हणजे पाच स्वरांच्या सप्तकाची, लहानमोठी अंतरं डोळ्यांना दिसतात आणि कानही तीच ऐकायला लागतो.

लिहून ठेवण्याची किंमत काय असते तेही बुगांडाने दाखवलंय. 1966 साली काबाकांच्या, म्हणजे बुगांडाच्या राजांच्या, लुबिरी राजवाड्यावर लष्कराने हल्ला केला आणि दरबारी वादक पांगले. त्याआधी जोसेफ क्यागांबिद्द्वा यांनी 1955 मध्ये छापलेली स्वरलेखनं, क्लाउस वाक्समान यांची 1949 ते 1952 ची रेकॉर्डिंग्ज आणि एव्हारिस्टो मुयिंदा यांच्याकडे 1959 पासून शिकलेल्या गेर्हार्ड कुबिक यांच्या वह्या होत्या, म्हणून पुढच्या लोकांच्या हाती काही लागलं. वाक्समान यांच्या रेकॉर्डिंग्जच्या प्रती आता कंपालाच्या माकेरेरे विद्यापीठात परत आल्यात.

फाइलींबद्दल. फिनाले हे 1988 पासून चाललेलं, मोठमोठ्या प्रकाशकांच्या वापरातलं सॉफ्टवेअर 2024 च्या ऑगस्टमध्ये कंपनीने बंद केल्याचं जाहीर केलं. ज्यांचं आयुष्यभराचं काम फक्त त्याच्या फाइलींमध्ये होतं त्यांची धावपळ झाली. म्यूझस्कोर मोफत आणि खुलं आहे, त्याची फाइल आतून साधी एक्सएमएलच असते, म्हणून माझी पसंती त्यालाच. तरी एका स्वरूपावर विसंबू नका. मूळ फाइल, म्यूझिकएक्सएमएल (इतर स्वरलेखन सॉफ्टवेअरलाही वाचता येणारी फाइल), पीडीएफ, साउंडफाँट आणि मूळ वेव्ह रेकॉर्डिंग्ज एकाच फोल्डरमध्ये ठेवा. म्यूझिकएक्सएमएलमध्ये साउंडफाँट जात नाही आणि मांडणीही बरीच बिघडते, हे लक्षात असू द्या. याशिवाय एक साधी टेक्स्ट फाइल करा: 48 ओळी, प्रत्येक ओळीवर पल्सचा क्रमांक आणि त्यावर वाजणाऱ्या पट्ट्यांची नावं. बस. ती उघडायला कुठलंही संगीताचं सॉफ्टवेअर लागत नाही, आणि पन्नास वर्षांनी सगळ्यात आधी उपयोगी पडेल ती तीच, असं मला खात्रीने वाटतं.

परवानगी लेखी असो की तोंडी, पण रचनेगणिक विचारा. काही रचना बिराच्या रात्रीशी जोडलेल्या असतात. त्या शाळेत वाजवायला वादकांची हरकत नसेल, पण इंटरनेटवर टाकायला असू शकते. पानाच्या डोक्यावर नुसतं ‘पारंपरिक’ लिहून थांबू नका. कोणाचं वादन, त्यांना कोणाकडून मिळालं, म्बिरा कोणी घडवला, सुरांची लावणी कोणती आणि रेकॉर्डिंग कधीचं, एवढं तरी हवं. अर्थात त्यांना नाव द्यायचं असेल तर. उद्या कोणी त्या पानावरून शिकून कार्यक्रम केला तर श्रेय कोणाला द्यायचं हे त्याला तिथेच कळलं पाहिजे.

काम झालं की एक संच शाळेत ठेवा, एक वादकांच्या घरी, आणि त्यांची तयारी असेल तर तिसरा दक्षिण आफ्रिकेतल्या मखांडा इथल्या इंटरनॅशनल लायब्ररी ऑफ आफ्रिकन म्यूझिककडे पाठवायचं विचारा. ह्यू ट्रेसी यांनी 1954 मध्ये सुरू केलेला हा संग्रह आता ऱ्होड्स विद्यापीठात आहे, आणि म्बिराची जुनी रेकॉर्डिंग्ज तिथे भरपूर आहेत. घरच्या संचात हार्ड डिस्क देऊ नका. छापील पानं द्या आणि रेकॉर्डिंग साध्या फोनवर वाजेल अशा एमपी3 मध्ये, कुशाउरा वेगळा, कुत्सिन्हिरा वेगळा, म्हणजे घरातल्या पोरांना सोबत वाजवता येईल.